जुन्या ब्रिटिश ट्विनची तेलगळती: आधी दाब, मग पॅकिंग

‘ब्रिटिश गाडी आहे, तेल टाकणारच’ असं म्हणून गाडीखाली पत्र्याचा ट्रे सरकवायचा आणि विषय संपवायचा, ही पद्धत नाशिकमध्येही चांगलीच रुळली आहे. ती मान्य करण्याचं काही कारण नाही. ट्रायम्फचं ६५० सीसीचं ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरचं, इंजिन नीट जोडलं तर रात्रभर उभं राहूनही फरशी कोरडी ठेवतं. फक्त ते नव्या पॅकिंगच्या संचाने आणि सिलिकॉनच्या ट्यूबने होत नाही. गळतीची मुळं बहुतेक वेळा तीन असतात: क्रँककेसमध्ये (क्रँक फिरते त्या खालच्या पेटीत) कोंडलेला दाब, सपाट न राहिलेले फेस (जोडाचे पृष्ठभाग) आणि गरजेपेक्षा जास्त आवळलेले बोल्ट. सील फाटणं हे चौथं कारण, पण पुष्कळदा दाबामुळेच सील हार मानतं. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. दाब तसाच ठेवून वरून नवं पॅकिंग घातलं, तर तेल दुसऱ्या जागेतून बाहेर येतं.

इथे मुख्यतः १९६३ ते १९७० या काळातली युनिट ट्रायम्फ ६५० डोळ्यांसमोर ठेवली आहे, म्हणजे बॉनव्हिल टी१२० आणि टीआर६. युनिट म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसिंगमध्ये. बीएसए ए६५ आणि नॉर्टन कमांडोवाल्यांनाही बहुतेक भाग लागू पडेल. मात्र मापं आणि टॉर्कचे आकडे ट्रायम्फचेच आहेत.

हत्यारांबद्दल एक गोष्ट आधीच. १९६० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत या गाड्यांवर बरेचसे आटे व्हिटवर्थ, बीएसएफ आणि सायकल थ्रेड घराण्यातले आहेत, नंतर हळूहळू यूएनएफ आले. मिलिमीटरचा पान्हा ‘जवळपास बसतो’ म्हणून वापरला की नटाचे कोपरे जातात आणि पुढच्या वेळी पाइप पान्हा लागतो. व्हिटवर्थचा एक संच आणि इंची एएफचा (नटाच्या समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर इंचात) एक संच, दोन्ही लागतात. त्याशिवाय ५ ते ५० न्यूटन मीटर दाखवणारा छोटा टॉर्क रेंच, फीलर गेज, आणि काचेच्या दुकानातून कापून आणलेला १० किंवा १२ मिलिमीटर जाडीचा, साधारण एक फूट चौरस काचेचा तुकडा. ही काच पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडणार आहे.

गळती नेमकी कुठली?

तेल जिथे दिसतं तिथून ते निघालेलं नसतं. गाडी पळत असताना वारा तेलाला मागे ढकलतो आणि उतार त्याला खाली नेतो. गिअरबॉक्सखाली थेंब दिसला म्हणून गिअरबॉक्स खोलायचा आणि मूळ निघायचं इंजिनच्या माथ्यावरच्या रॉकर बॉक्समध्ये, असं सतत घडतं.

इंजिन आधी पूर्ण स्वच्छ करा. डिझेल आणि ब्रशने चिकटलेला मळ काढा, मग डिग्रीझर मारून साध्या नळाच्या पाण्याने धुवा. सर्व्हिस सेंटरचा प्रेशरचा फवारा नको. तो पॉइंटच्या (ठिणगी पाडणाऱ्या कॉन्टॅक्टच्या) खोबणीत आणि व्हील बेअरिंगमध्ये पाणी घालतो. फिन्सच्या मधले, बॅरलच्या मागचे आणि पुशरॉड ट्यूबच्या आसपासचे कोपरे नीट पुसा. सुकल्यावर साधी टाल्कम पावडर कोरड्या ब्रशने सगळीकडे शिंपडा. इंजिन जागेवर पाच मिनिटं चालवा आणि बघा. पावडर जिथे पहिल्यांदा ओली होऊन काळी पडते ती जागा खरी. त्यानंतर ८-१० किलोमीटर चालवून पुन्हा बघा, कारण काही गळत्या फक्त गरम झाल्यावर आणि वेग वाढल्यावर उघड्या पडतात. मूळ तरीही सापडत नसेल तर तेलात टाकायचा चमकणारा रंग आणि अल्ट्राव्हायोलेट टॉर्च वापरा. अंधाऱ्या गॅरेजमध्ये ओघळाची सुरुवात स्पष्ट दिसते.

तेल कुठल्या खान्यातलं आहे हेही ओळखता येतं. गिअरबॉक्समधल्या ईपी ९० तेलाला गंधकाचा उग्र वास असतो. इंजिनचं तेल काळं आणि जळकट. प्रायमरीतलं, म्हणजे इंजिनकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनच्या केसमधलं, तेल सहसा पातळ, त्यात क्लचच्या प्लेटांची राखाडी पूड. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा टाका, त्यावर दोन्ही चाकांच्या जागा पेनाने आखून ठेवा. सकाळी थेंबांचा नकाशा मिळतो.

मागच्या चेनजवळ तेल दिसलं तर लगेच घाबरू नका. काही मॉडेलवर चेनला तेल पाजणारी बारीक नळी कारखान्यातूनच दिलेली आहे. ती आहे का आणि तिचा स्क्रू किती उघडा आहे हे आधी बघा.

क्रँककेसमधला दाब

या इंजिनात दोन्ही पिस्टन एकत्र वर जातात आणि एकत्र खाली येतात. खाली येताना ते क्रँककेसमधली ६५० सीसी हवा एका झटक्यात दाबतात, वर जाताना तेवढीच ओढून घेतात. ३,००० आरपीएमला हे मिनिटाला ३,००० वेळा होतं. ही हवा बाहेर जायला मोकळी वाट नसेल तर ती प्रत्येक जोडातून तेल ढकलत बाहेर पडते. त्यामुळे ब्रीदर, म्हणजे ही हवा बाहेर सोडणारी वाट, ही या गाडीवरची पहिली तपासणी.

१९६९ पर्यंतच्या इंजिनांत इनलेट कॅमशाफ्टच्या डाव्या टोकाला स्प्रिंगवर बसवलेली एक फिरती चकती आहे. पिस्टन खाली येताना ती वाट उघडते आणि वर जाताना बंद करते. चकती झिजली किंवा स्प्रिंग मेली की वाट वेळेवर उघडत नाही. ती बदलायला केस फोडावी लागते, म्हणून इंजिन कुठल्याही कारणाने पूर्ण खुललं असेल तेव्हा ही चकती आणि स्प्रिंग नवी टाकाच. चकतीचे कान कॅमशाफ्टच्या खाचेत बसले आहेत की नाही, हे केस बंद करण्याआधी हाताने फिरवून बघा.

१९७० ला पद्धत बदलली. डाव्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील काढून टाकलं, क्रँककेसच्या भिंतीत तीन बारीक भोकं पाडली आणि सगळी हवा प्रायमरी केसमध्ये सोडली. तिथून ती मागच्या बाजूच्या जाड होजने मडगार्डकडे जाते. ही गोष्ट माहीत नसलेला कारागीर इथे ‘सील राहिलंय’ असं समजून सील बसवतो आणि इंजिनचा श्वास कायमचा कोंडतो. १९७० ची गाडी सगळीकडून तेल गाळत असेल तर हे सर्वात आधी तपासा. उलट, त्याआधीच्या गाडीत हेच सील गेलं तर प्रायमरीची पातळी आपोआप वाढते किंवा कमी होते. प्रायमरीत ३५० मिली तेल मोजून घाला, २०० किलोमीटरनंतर मोजून काढा. आकडा बदलला असेल तर सील गेलं आहे.

ब्रीदरची नळी स्वतः मोकळी आहे का? नाशिकला पावसाळ्यात महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या उघड्या नळ्यांमध्ये कुंभारमाशी मातीचं घर करते. नळी काढून तोंडाने फुंकून बघा. दुमडलेली, आतून सुजलेली किंवा मागे कोणीतरी बारीक व्यासाची घातलेली नळी लगेच बदला. काही जण नळीच्या टोकाला एकदिशा झडप बसवतात. ती उपयोगी आहे, पण तीन अटींवर: क्रँककेसच्या शक्य तितकी जवळ असावी, बाण बाहेरच्या दिशेला असावा, आणि तिचं भोक नळीपेक्षा लहान नसावं. बुलेटसाठी मिळणारी चपट्या चोचीची रबरी झडप ६५० ट्विनला पुरत नाही.

ब्रीदर मोकळा असूनही नळीतून धुराचे जोरदार फुत्कार येत असतील तर रिंगा आणि बोअर झिजले आहेत. इंजिन गरम करा, दोन्ही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि कॉम्प्रेशन मोजा. दोन सिलिंडरमध्ये १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. कमी असलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह. रिंगा गेलेल्या इंजिनावर पॅकिंगचा खर्च करू नका. आधी बोअरचं काम करा.

रात्रीतून सम्पमध्ये उतरणारं तेल

या गाड्यांत तेल वेगळ्या टाकीत असतं. पंपाची एक बाजू ते इंजिनला देते, दुसरी बाजू सम्पमधून, म्हणजे क्रँककेसच्या तळातून, उचलून परत टाकीत पाठवते. परत नेणारा प्लंजर मुद्दाम मोठा असतो. ट्रायम्फचा पंप प्लंजरचा, त्याच्या झडपा म्हणजे स्प्रिंगवरच्या छोट्या गोळ्या. गोळीखाली कचऱ्याचा एक कण अडकला की उभ्या गाडीत टाकीतलं तेल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं. मग किक मारली की क्रँक त्या तेलात घुसळते, ब्रीदरमधून धार लागते आणि प्रत्येक पॅकिंगवर ताण येतो. नॉर्टन कमांडोचा पंप गिअरचा असल्याने तिथे हा प्रकार आणखी जास्त. काही दिवस उभी राहिली तरी निम्मी टाकी खाली गेलेली सापडते.

तपासणी सोपी. गाडी चालवून बंद करा, टाकीतली पातळी लिहून ठेवा. पाच-सहा दिवसांनी इंजिन सुरू न करता खालचा हेक्सचा सम्प प्लग काढून तेल मापाच्या भांड्यात घ्या. १००-२०० मिली निघालं तर काळजी नाही. अर्धा लिटर किंवा जास्त निघालं तर पंपाकडे वळा. प्लग लावताना त्याची जाळी पेट्रोलने धुवा आणि वॉशर नवा घाला.

पंप टाइमिंग कव्हरच्या आत दोन नटांवर आहे. काढून पेट्रोलमध्ये धुवा, खालचे प्लग सोडून स्प्रिंगा आणि गोळ्या बाहेर घ्या. गोळीची बैठक भिंगाने बघा. बारीक रेघ किंवा खड्डा असेल तर त्याच मापाची नवी गोळी ठेवून पितळी पंचने एक हलका ठोका द्या, बैठक पुन्हा गोल होते. ठोका एकच. जोर केला तर पितळ फुटतं. मग गोळ्या-स्प्रिंगा बसवा, भोकांमध्ये तेल भरा, प्लंजर हळू दाबा, मग तेल आत घेणारी भोकं अंगठ्याने झाकून प्लंजर किंचित वर ओढा. तेल बाहेर टाकणाऱ्या भोकातली पातळी खाली जाता कामा नये. गेली, तर गोळी अजून नीट बसलेली नाही. प्लंजरच सैल असेल तर दुरुस्तीचा नाद सोडून नवा पंप मागवणं स्वस्त पडतं.

टाकीच्या नळीत तोटी बसवण्याचा उपाय पुष्कळ जण सुचवतात. ती उघडायला एकदा विसरलात की क्रँक, बिग एंड शेल्स आणि कॅम एका फेरीत संपतात. बसवायचीच असेल तर तोटी बंद असताना इग्निशन चालू होणार नाही असा स्विच तिला जोडलेला असलाच पाहिजे.

पंप कितीही चांगला असला तरी सम्पमधली उचलनळी तडकलेली किंवा सैल असेल तर ती तेलाऐवजी हवा ओढते आणि सम्प भरतच जातो. इंजिन चालू असताना टाकीचं झाकण उघडून परतीच्या नळीकडे बघा. तेल हवेच्या बुडबुड्यांसह तुटक-तुटक यायला हवं. सुरू केल्यावर पहिला मिनिटभर सलग धार आणि नंतर तुटक, म्हणजे व्यवस्था ठीक आहे. काहीच येत नसेल तर इंजिन तात्काळ बंद करा.

टाकीही काठोकाठ भरू नका. झाकणापासून सुमारे ४ सेंटिमीटर खाली पातळी ठेवा. त्यावर भरलेलं तेल टाकीच्या हवानळीतून बाहेर येतं आणि लोक ते इंजिनच्या माथी मारतात.

रॉकर बॉक्स

वरच्या भागात सर्वात आधी चार टॅपेट कॅप बघा. धक्क्याने त्या सैल होतात आणि तेल फिन्सवरून ओघळत बेस पॅकिंगपर्यंत पोहोचतं. प्रत्येक कॅपखाली नवा वॉशर घाला आणि ती न फिरू देणारी पट्टीची स्प्रिंग जागेवर आहे ना हे बघा.

पुढची जागा रॉकरला तेल देणारी नळी. तिच्या प्रत्येक बँजोच्या (पोकळ बोल्टने आवळलेल्या कडीच्या) दोन्ही बाजूंना तांब्याचा वॉशर असतो. एकदा दाबला गेलेला तांब्याचा वॉशर कडक होतो, तो तसाच पुन्हा लावला की झिरपतो. तो नरम करायला गॅस टॉर्चवर मंद लाल होईपर्यंत तापवा, पाण्यात टाका आणि पॉलिश पेपरने साफ करा. हे सावलीत करा, उन्हात लाली दिसत नाही आणि वॉशर वितळतो.

रॉकर स्पिंडलला एक ओ-रिंग असते. कोरडी ओ-रिंग घातलेलं स्पिंडल सरळ ठोकून आत घातलं की बॉक्सच्या धारेवर रिंग कापली जाते आणि नव्या रिंगेतून पहिल्या दिवशीच तेल येतं. व्हायटनची (उष्णता आणि तेल सोसणाऱ्या रबराची) रिंग घ्या, ग्रीस लावा, पातळ पत्र्याची नळी करून त्यात रिंग दाबून धरा आणि स्पिंडल त्या नळीतून आत सरकवा. खोलताना वॉशर आणि स्प्रिंगांचा क्रम मोबाइलवर टिपून ठेवा. क्रम चुकला तर रॉकर एका बाजूला घासतो.

मग रॉकर बॉक्सचा खालचा फेस. वर्षानुवर्षं आवळून तो मधे उचललेला आणि बोल्टांजवळ दबलेला असतो. काचेवर २४० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा, डिझेलचे थेंब टाका आणि बॉक्स आठच्या आकड्यात फिरवा. दाब हाताच्या वजनाइतकाच. थोड्या वेळाने बघा, चकाकी सगळीकडे सारखी आली नसेल तर चालू ठेवा. शेवटी ४०० नंबर. ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त वाकडेपणा असेल तर हाताने घासत बसू नका. सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीत मिलिंगची छोटी वर्कशॉप पुष्कळ आहेत, तिथे हलका कट घ्या. सांगताना ‘ग्राइंडिंग नको, मिलिंग हवं’ असं स्पष्ट सांगा, कारण अ‍ॅल्युमिनियम ग्राइंडिंगच्या दगडात भरतं आणि फेस ओरखडतो.

बोल्टांची भोकं बोटाने चाचपा. आटे वर ओढले गेल्याने भोकाभोवती बारीक कडा उभी राहते आणि ती पॅकिंगला खाली बसूच देत नाही. मोठ्या ड्रिल बिटने हातानेच दोन गिरक्या देऊन ती कडा काढा. आटे गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, घाला. सैल आट्यात बोल्ट चिकटवून काम भागत नाही.

पुशरॉड ट्यूब: इथे घाई नको

ट्रायम्फच्या बॅरलच्या पुढे-मागे दिसणाऱ्या क्रोमच्या दोन नळ्या म्हणजे या इंजिनची सर्वात बदनाम जागा. रॉकर बॉक्समधलं तेल याच नळ्यांतून खाली उतरतं. नळी वर हेडमध्ये आणि खाली टॅपेट गाइडवर रबरी सीलवर बसते, आणि हेड आवळलं की सीलं दाबली जातात. किती दाबली जातात यावर सगळं ठरतं. सील पातळ पडली तर नळी सैल राहून तेल गाळते. जाड झाली तर हेड नळ्यांवर टेकून राहतं, हेड गास्केटवर पुरता दाब येत नाही आणि मग हेड गास्केट उडतं. नवी सील घातली तरी नळी गळते आणि त्याच गाडीचं हेड गास्केट वारंवार जातं, या दोन्ही तक्रारींचं उत्तर हे एकच माप आहे.

माप असं घ्या. बॅरलवर हेड गास्केट ठेवा. नळ्या वरच्या-खालच्या सीलांसह जागेवर ठेवा. हेड अलगद वरून ठेवा, बोल्ट लावू नका, हाताने दाबू नका. आता हेड आणि गास्केट यांच्यातली फट फीलर गेजने चारही बाजूंनी मोजा. ०.७५ ते १ मिलिमीटर, म्हणजे ३० ते ४० थाऊ (इंचाचे हजारावे भाग), इतकी फट हवी. हेड आवळल्यावर सीलं तेवढीच दाबली जाणार. फट कमी असेल तर जाड सील घ्या, जास्त असेल तर पातळ. सीलं वेगवेगळ्या जाडीत मिळतात, म्हणून परदेशातून मागवताना दोन-तीन जाडींचे संच एकदम मागवा, टपालखर्च एकदाच पडतो. पूर्वी कोणी हेड घासून घेतलेलं असेल किंवा वेगळ्या जाडीचं गास्केट घातलेलं असेल तर जुन्या गाडीवर चाललेली सीलं इथे चालणारच नाहीत. प्रत्येक वेळी मोजा. सिलिकॉन किंवा व्हायटनचीच सीलं घ्या, साधं काळं रबर इथल्या उन्हाळ्यात लवकर कडक होतं.

नळ्यांची टोकं काचेवर उभी करून बघा. टोक वाकडं किंवा क्रोमचा पापुद्रा उचललेला असेल तर कितीही चांगलं सील तिथे धरणार नाही. टॅपेट गाइड ब्लॉक बॅरलमध्ये ठोकून बसवलेला असतो आणि बऱ्याच वर्षांच्या मॉडेलवर त्यालाही स्वतःची ओ-रिंग आहे. बॅरलच्या तळाशी, बरोबर मध्यभागी तेल साचत असेल तर बेस पॅकिंगला दोष देण्याआधी ही रिंग आणि नळीचं खालचं सील तपासा.

हेड आवळणे

तांब्याचं हेड गास्केट वॉशरसारखंच नरम करून घ्या, पण सगळीकडून सारखं तापवा. १९६३ पासूनच्या ६५० हेडला नऊ बोल्ट आहेत: आठ ३/८ इंची आणि मधोमध एक ५/१६ इंची. चार बोल्ट रॉकर बॉक्समधून जातात, म्हणून रॉकर बॉक्स बसवल्याशिवाय अंतिम आवळणं होत नाही. ३/८ चा टॉर्क २४ न्यूटन मीटर, म्हणजे १८ पाउंड-फूट. मधल्या ५/१६ चा २० न्यूटन मीटर, म्हणजे १५ पाउंड-फूट. मधून बाहेर, तिरप्या जोड्यांनी, तीन फेऱ्यांत: ८, १६, मग पूर्ण. रॉकर बॉक्सच्या छोट्या नट-बोल्टांना फक्त ७ न्यूटन मीटर. हा आकडा हाताला फार कमी वाटतो आणि इथेच बहुतेकांचा हात घसरतो. आणखी पाव फेरा दिला की फेस वाकतो आणि आटे निघतात. बॅरलच्या तळाच्या आठ नटांना ४७ न्यूटन मीटर.

रॉकर बॉक्स बसवताना इंजिन अशा जागी फिरवून ठेवा की त्या बाजूचे दोन्ही पुशरॉड सारख्या उंचीवर आणि खाली असतील. नाहीतर व्हॉल्व्ह स्प्रिंग बॉक्सला एका बाजूने उचलून धरते आणि पॅकिंग सरकतं. पुशरॉडचं खालचं टोक टॅपेटच्या वाटीत बसलं आहे हे टॉर्चने बघून खात्री करा. नंतर इंजिन हाताने दोन-तीन वेळा पूर्ण फिरवा आणि थंड असताना टॅपेटची फट लावा: इनलेट ०.०५ मिलिमीटर, एक्झॉस्ट ०.१० मिलिमीटर.

पॅकिंग आणि लेप

कागदी पॅकिंग दमट हवेत वाढतं आणि कोरड्या उन्हात आक्रसतं. एप्रिलमध्ये पाकीट फोडलं आणि भोकं जुळत नाहीत असं झालं तर पॅकिंग ओल्या फडक्यात अर्धा तास गुंडाळून ठेवा, ताणू नका. स्वतः कापायचं असेल तर ०.४ मिलिमीटरचा ऑइल पेपर, भोकांसाठी पंच आणि बाहेरच्या कडेसाठी कात्री. केसिंगवर कागद ठेवून हातोडीने कडा ठोकून कापण्याची जुनी सवय सोडा, त्याने अ‍ॅल्युमिनियमची धार गोल होते आणि नेमकी तिथूनच गळती सुरू होते.

क्रँककेसच्या दोन भागांमध्ये पॅकिंग नसतं, तिथे न कडकणारा लेप हवा. हायलोमार किंवा वेलसील या कामासाठी चांगले. दोन्ही फेस थिनरने पुसा, अगदी पातळ थर द्या, सांगितलेला वेळ थांबा आणि मग जोडा. बाजारात सहज मिळणारं आरटीव्ही सिलिकॉन बाहेरच्या कव्हरला चालतं, पण इंजिनच्या आतल्या जोडांना नको. आत दाबलं गेलेलं सिलिकॉन सुटून तेलात फिरतं आणि उचलनळीच्या जाळीत किंवा रॉकरच्या बारीक नळीत अडकतं. गळणाऱ्या जोडावर बाहेरून सिलिकॉन थापणं तर कुठेच नको. आतला दाब ते दोन दिवसांत उचलून टाकतो आणि पुढच्या माणसाला ते खरवडत बसावं लागतं.

टाइमिंग कव्हर

या कव्हरमागे दोन सीलं आहेत आणि दोघांची तोंडं वेगवेगळ्या दिशांना. क्रँकच्या टोकावरचं सील बिग एंडकडे जाणारं दाबाचं तेल धरून ठेवतं, म्हणून त्याची ओठाची बाजू कव्हरकडे, म्हणजे दाब जिथून येतो तिकडे. ते सर्क्लिपने अडवलेलं असतं. हे सील गेलं तर बाहेर थेंबही दिसत नाही, पण तेलाचा दाब पडतो. गरम इंजिनला चालताना ६५ ते ८० पीएसआय आणि आयडलला २० ते २५ पीएसआय असायला हवा. कव्हर उघडलंच आहे तर हे सील बदला, जुनं चांगलं दिसलं तरी.

दुसरं सील पॉइंटच्या मागे, एक्झॉस्ट कॅमशाफ्टवर. त्याचा ओठ इंजिनच्या आतल्या बाजूला. पॉइंटवर तेल दिसलं, गाडी अधूनमधून मिसफायर करू लागली, तर हेच. कव्हर तसंच ढकललं की शाफ्टच्या पायरीवर ओठ उलटा फिरतो. शाफ्टच्या टोकावर निमुळती टोपी चढवून मगच कव्हर सरकवा. टोपी लेथवर सहज करून मिळते. इथे सील नवं असूनही पॉइंट ओले होत असतील तर परत ब्रीदरकडे जा, दाबच त्याला ढकलतो आहे.

कव्हरखालच्या प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हचे वॉशर बदला. जुन्या व्हॉल्व्हला बाहेर येणारं दर्शक बटण असेल तर त्याच्या रबरातून तेल येतं, नंतरच्या काळातला बंद टोपीचा व्हॉल्व्ह बसवणं हा पक्का उपाय.

प्रायमरी आणि गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट

प्रायमरी कव्हरच्या पॅकिंगला कव्हरच्या बाजूने लेप आणि केसिंगच्या बाजूने नुसतं ग्रीस लावा, म्हणजे क्लचसाठी पुन्हा उघडताना पॅकिंग फाटत नाही. अ‍ॅलन स्क्रू घातले असतील तर लांब किल्लीने आवळू नका. अल्टरनेटरच्या वायरी जिथून बाहेर पडतात ती रबरी टोपी बहुतेक जण विसरतात. तेल वायरींच्या मधून वातीसारखं चढतं आणि खाली ठिबकतं. वायरी साफ करून टोपीच्या आत थोडं सिलिकॉन भरा, इथे ते योग्य आहे.

गिअरबॉक्सवरच्या (मागची चेन फिरवणाऱ्या) स्प्रॉकेटमागून येणारं तेल हे सर्वात कष्टाचं काम, कारण क्लच, रोटर आणि प्रायमरी चेन सगळं काढावं लागतं. क्लचच्या मागे सहा स्क्रूंच्या गोल प्लेटमध्ये एक सील आहे, आणि गिअरबॉक्सच्या स्लीव्ह गिअरभोवती दुसरं. दोन्ही एकदम बदला. सील जिथे फिरतं तिथे नखाला लागेल अशी खाच पडलेली असेल तर नवं सीलही गळणार. सील एक-दीड मिलिमीटर पुढे-मागे बसवून ओठ कोऱ्या पट्टीवर आणता येतो, जागा नसेल तर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवावी लागते. गिअरबॉक्समध्ये ५०० मिलीच तेल घाला, जास्त भरलं की किकच्या शाफ्टमधून येतं.

तपासणीची फेरी

जोडल्यावर पुन्हा टाल्कम पावडर. पहिली फेरी गंगापूर रोडवर १० किलोमीटर, दुसरी त्र्यंबकेश्वरपर्यंत आणि परत. हा रस्ता चढ-उतार आणि सलग वेग दोन्ही देतो. निघण्याआधी आणि आल्यावर मागच्या टायरची डावी कड बोटाने तपासा. टायरवर तेल दिसलं तर गाडी तिथेच उभी करा. घाटात तेलकट टायर घेऊन उतरू नका.

इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी, हेडचे बोल्ट त्याच टॉर्कला पुन्हा तपासा आणि त्यानंतर टॅपेट पुन्हा लावा, कारण हेड बसलं की फट बदलते. हेच ४००-५०० किलोमीटरनंतर एकदा. रॉकर बॉक्सचे छोटे नट तपासताना टॉर्क रेंच ७ वरच ठेवा. तेल २०डब्ल्यू-५० खनिज प्रतीचं, आणि दुरुस्तीनंतरचं पहिलं ५०० किलोमीटरलाच बदला, त्यात घासकामाचे कण आणि जादा लेप उतरलेला असतो. काढलेलं तेल डब्यात भरून, ज्या गॅरेजमध्ये जुन्या तेलाचं पिंप ठेवलेलं असतं तिथे द्या. गटारात ओतलेलं तेल शेवटी गोदावरीतच जातं.